दाजींचा टुकार रॅप

टुकार गवयांची इतक्या निष्ठेनं सेवा करणारा माणूस आमच्या दाजींखेरीज अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस उघडले त्या काळात ते एका क्लासमध्ये गणित शिकवायचे आणि घरी आले की शर्टही न बदलता टेप लावायचे. त्यावर नव्वदच्या दशकातला अमेरिकन रॅप वाजायचा. तोही नावाजलेला नव्हे, खुद्द अमेरिकेनं टाकून दिलेला. म्हणणाऱ्याला दम पुरायचा नाही, ताल सुटायचा, मग तो नुसताच ओरडायचा. दाजींना हे सगळं कळायचं. पेपर तपासावा तसे ते त्याचे मार्क कापायचे. "म्हणणारा कच्चा हाय," ते बोट वर करून सांगायचे, "पण मागं वाजवणारा बघ. कसा सांभाळून घ्यायलाय त्याला." मागचा तो जाड, संथ ठेका आला की त्यांचे डोळे मिटायचे. आमच्या धाकट्या बहिणीला बघायला उदगीरहून तेलाचे व्यापारी दाजींच्या घरी आले, तेव्हाही टेप चालूच होता. मुलाच्या काकांनी दबकत विचारलं, "शेजारी भांडण चालू हाय का?" दाजी म्हणाले, "भांडणाऱ्याकडं ध्यान देऊ नका. मागचं ऐका." ते स्थळ परत फिरकलं नाही. अक्का आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

या कॅसेटी त्यांना त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मिळाल्या. औशापलीकडच्या त्यांच्या गावात आई आणि धाकटा भाऊ दगडी घराखाली गेले. दाजी लातूरला खोलीवर होते, म्हणून वाचले. पुढं गावी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना, मदतीला आलेला एक परदेशी डॉक्टर जाताना आपला टेप आणि कॅसेटींची पिशवी त्यांच्याकडं ठेवून गेला. एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मग माझे वडील गेले. दाजी त्यांना मामा म्हणायचे. वर्षश्राद्धाला आईनं मुखेडच्या घरी भजन ठेवलं. जावई म्हणून दाजींना पुढं बसवलं. मृदंगावर पहिली थाप पडली आणि ते उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो, तर ओट्यावर दोन्ही कान दाबून बसलेले.

"दाजी, बरं वाटंना का?"

त्यांनी कानावरचे हात काढले. मग म्हणाले, "माझा भाऊ मृदंग वाजवायचा. त्याची सगळी भजनी मंडळी एका रात्रीत गेली. आपलं कुठलंबी गाणं लागलं की त्यातलं कुणीतरी समोर येऊन बसतंय. त्या इंग्रजी गाण्यात माझं कुणी न्हाई. म्हणून ऐकतो."

अक्का दारात उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं. ती त्यांच्याजवळ खाली बसली.

पुढच्या वर्षी आईनं भजन देवळात ठेवलं. "जावयांना घरीच राहू द्या," एवढंच ती म्हणाली. आम्ही परतलो तेव्हा दाजी वडिलांच्या फोटोसमोर मांडी घालून बसले होते. समईत त्यांनी तेल घातलं होतं. लातूरहून आणलेला टेप नुकताच थांबला असावा. त्यांचा हात अजून त्यावरच होता.

"मामांना हे काही झेपलं नसंल," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "पण समोर येऊन बसले रे. शेवटपर्यंत बसले."