एकड्यांचा तास

पन्नास सालानंतरची गोष्ट. कुरखेड्यापलीकडच्या एका गावात मी एकशिक्षकी शाळेचा हंगामी मास्तर होतो. हंगामी हा शब्द मला फार लागायचा. आंबे हंगामी असावेत, मास्तर कशाला? कायम व्हायचं तर डिप्टी साहेबांच्या तपासणीत चांगला शेरा हवा होता. माझं लग्नही त्याच शेऱ्यापाशी अडलं होतं. नागभीडच्या मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं की कायम व्हा, मग बोलू.

दसऱ्याच्या तोंडावर चांद्याहून परिपत्रक आलं. राज्य निधर्मी आहे, सबब सरकारी शाळेत कोणत्याही धर्माची पूजाअर्चा करू नये, जबाबदारी मुख्याध्यापकाची. आमच्या शाळेत मुख्याध्यापक, मास्तर आणि घंटा वाजवणारा, तिन्ही मीच. मी घाबरून पाटीपूजन बंद असं जाहीर करून टाकलं.

संध्याकाळी गावचे म्हातारे पाटील धानाच्या बांधीतून थेट माझ्या दारात आले.

"गुरुजी, सरस्वती काऊन बंद केली?"

"सरकार निधर्मी आहे, पाटीलभाऊ."

"असन. आमाले त्याचा राग नाई." ते निवांत टेकले. "मले एक सांगा, पाटीवरची सरस्वती कायची बनते?"

कशाची म्हणजे, एकच्या आकड्यांची. एकाला एक उलटसुलट जोडत गेलं की पाटीवर सरस्वती उभी राहते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तसं मी सांगितलं.

"मंग एकडे त तुमी रोजच शिकवून राह्यले. गनितच होय ते."

मी शिकलेला माणूस. मला यात लबाडी दिसायला हवी होती. पण युक्ती मला इतकी आवडली की मी पाटलांना दोनदा चहा पाजला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'गणित. एकड्यांचा सराव.' हळदकुंकू नको, फुलं नकोत, असं मोठ्यानं बजावलं आणि पोरांकडे बघून डोळा मिचकावला. पोरं हुशार. घटकाभरात पाट्यांवर सरस्वत्या उमटल्या आणि सदऱ्यांतून झेंडू बाहेर आले.

नेमके त्याच दिवशी डिप्टी साहेब न कळवता रेंगीतून शाळेपुढे उतरले. बैल सुटायच्या आत ते वर्गात होते. 

"काय चाललंय?"

"गणित, साहेब. एकड्यांचा सराव."

"आणि हा झेंडू?"

"मोजायला, साहेब."

साहेबांनी पाटलांच्या नातवाला उभं केलं. "मोज बरं, किती एकडे आहेत?"

पोरानं पहिल्या एकड्याला बोट लावलं, तेच बोट कपाळाला लावलं आणि म्हणाला, "एक." दुसऱ्याला बोट, पुन्हा कपाळ, "दोन." त्याचं बघून सगळा वर्ग मोजायला लागला. सातापर्यंत पोचल्यावर काहींनी डोळेही मिटले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"गणितावर बरीच श्रद्धा दिसते," साहेब म्हणाले.

ते फिरत फिरत शेवटच्या पाटीपाशी थांबले. ती पाटी बांगड्या विकणाऱ्या मुसलमानाच्या मुलीची होती, गावात त्यांचं एकच घर. तिच्या पाटीवर सरस्वती नव्हती, फूल नव्हतं. वरपासून खालपर्यंत ओळीनं सुबक एकडे होते. मी डोळा मिचकावला तेव्हा ती खाली मान घालून लिहायला लागली असणार. फळ्यावर जे लिहिलं होतं तेच तिनं केलं होतं.

साहेबांनी शेराबुक मागितलं आणि लिहिलं, 'गणिताच्या तासाला एकच विद्यार्थिनी हजर. गुरुजींना कायम करण्याचे पुढील वर्षी पाहावे.'

माझं लग्न नागभीडच्या गाडीत बसून निघून गेलं. साहेबांचा राग आला, पाटलांचा त्याहून जास्त आला. पण खरी लाज वाटली ती त्या पाटीपुढे. आमच्या पूजेत या पोरीनं काय करायचं, हा विचार परिपत्रक वाचताना, चहा पाजताना, एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

साहेब गेल्यावर मी तिच्याजवळ गेलो. तिला शेऱ्याचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं पाटी वर धरली.

"गुरुजी, एकडे भरले. आता दोन लिहू का?"