दातांत धरलेलं जाळं

"सरका बाई, जाळं टाकून राह्यलो."

एवढं बजावून बाबा चादरीचं टोक दातांत धरायचे, उरलेली चादर कोपरावर गोळा करायचे आणि खाटेवर बसल्या बसल्या कंबरेतून वळून फेकायचे. मूल गावाकडच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथले हे पेशंट. सावली गावाकडचे, जन्म तलावावर मासे धरण्यात गेलेला. तापात भ्रम झाला होता आणि आमचा वॉर्ड त्यांना तलाव वाटे.

गिळणंही बिघडलं होतं. पाणी दिलं की ठसका लागून ते छातीत उतरे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताठ बसवून दाट पेज चमच्यानं द्या. पोटात काही गेलं तरच ते वाचतील. पण तोंड उघडतील तर शपथ! मी वैतागले.

"बाबा, लहान लेकरू आहात का?"

त्यांची म्हातारी हसली. "दातात जाळं हाय ना बाई. फेकल्याबिगर तोंड कसं उघडतीन?"

फेकू दिलं. चादर शेजारच्या पेशंटच्या पायांवर पडली आणि बाबांचं तोंड उघडलं. तेव्हापासून एका फेकीला दोन चमचे.

"काय घावलं?" मी विचारी.

"मरळ," पेज गिळून ते सांगत. मग शेजारचेही विचारू लागले. वाटी संपू लागली. मला त्यांचा लळा लागला होता.

एका दुपारी फेकताना त्यांनी सलाईनची सुई दोनदा उपटली. वॉर्ड भरलेला होता. मी त्यांना आडवं करून दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले. असे बांधलेले हात तुम्हीही कुठेतरी पाहिले असतील, आणि नजर वळवली असेल.

"हात सोडा ना जी," म्हातारी म्हणाली. "माहा बुडा जेवून नाई राह्यला."

"सलाईन संपू द्या, माय." मी पलीकडच्या खोलीत अडलेल्या बाळंतिणीकडे धावले.

हाक आली तेव्हा बाबा निळे पडले होते. उपाशी बघवेना म्हणून म्हातारीनं ओठांच्या कडेनं पेज सोडली होती. ठसका लागला, पण त्यांना उठून बसता आलं नाही. मी गाठी सोडू लागले, तर सुटेनात. ओढून ओढून त्यांनी त्या घट्ट केल्या होत्या. कात्री आणेपर्यंत उशीर झाला.

मान वळवून त्यांनी चादरीचं टोक दातांत धरलं होतं. म्हातारीनं ते हळूच सोडवलं, चादरीची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"टाकाचं राहूनच गेलं, बाई," ती म्हणाली. रागानं नाही.

ती चादर माझ्या कपाटात आहे. एका टोकाला दातांच्या खुणा आहेत. धुवायचा मला धीर होत नाही.