बटणं कापलेला स्वेटर

महिला मंडळाच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मी निळा स्वेटर छातीशी धरून उभी होते. गेल्या थंडीत असा पन्नासला मिळायचा, आज चिठ्ठीवर साडेतीनशे.

"अहो ताई, याला एकही बटण नाही!"

"आजी, हल्ली गाडीतून येणारेही हौसेनं जुनंच शोधतात. परवडत नसेल तर ठेवा."

बटणं कुणी कापली असतील, ते मला बरोबर ठाऊक. तरुणपणी मीही जुने कपडे देताना आधी बटणं कापून घ्यायची आणि वर दानशूर म्हणून मिरवायची. काय ती महाराणी!

स्वेटर परत टांगला. बाहेर गार वारा सुटला होता. पदर घट्ट ओढून घेतला, पण अख्खी थंडी पदरावर कशी काढायची? घरी डबाभर बटणं आहेत. ती पांघरता येत नाहीत.