बुधवारच्या कार्डवाल्या

पेणला माझ्या घराच्या ओटीवर दर बुधवारी दुपारी आम्ही बायका वॉटरकलरची ग्रीटिंग कार्डं करतो. कार्डं बारशाला, वाढदिवसाला, लग्नाला निघून जातात. किस्से मात्र सगळे माझ्याकडेच साठतात! मी रोह्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झाले. जन्मभर वर्गाला गप्प बसवलं, आता या बायका मला गप्प बसवतात.

*

हमरापूरच्या वत्सलामावशी पहिल्यांदा आल्या त्या सुनेने, रुपालीने, ओढून आणल्या म्हणून. घरचा गणपतींचा कारखाना. मूर्तींचे डोळे काढायचे ते मावशींनीच, चाळीस वर्षं! मग हात थरथरायला लागला. एका मूर्तीची नजर तिरकी गेली आणि मुलगा प्रकाश म्हणाला, "आई, आता तू आराम कर." त्यानंतर दोन वर्षं मावशींनी ब्रश हातात घेतला नव्हता.

रुपाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, धड जेवत नायत. कायतरी करा."

मी मावशींना म्हटलं, एक साधं फूल काढा. थोड्या वेळाने बघते तर माझ्या महागाच्या कागदावर पांढऱ्या रंगाचा जाड थर!

"मावशी, हे काय?"

"आधी पांढरा हात दिल्याबिगर रंग कसा बसंल?"

"अहो, मूर्तीला द्यावा लागतो. कागद मुळात पांढराच असतो!"

मावशींनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "मंग अर्धं काम कंपनीनंच केलंय की!"

*

कुंदा खाडीकडची. माहेरी मिठागर, सासरीही मिठागर. ओल्या रंगावर मीठ भुरभुरलं की सुकताना सुंदर नक्षी उठते, हे मी एकदा मोठ्या ऐटीत शिकवत होते. कुंदाने माझ्या पाकिटातलं मीठ चिमूटभर चाखलं.

"ह्याला मीठ म्हनतात व्हय?"

पुढच्या बुधवारी तिने घरचं खडे मीठ आणलं. काय फुलं उमटली! तीस वर्षांत मला तशी जमली नव्हती. जळले मी, खोटं कशाला बोलू?

पण बाईसाहेबांनी मीठ झटकलंच नाही. कार्डं तशीच एकावर एक रचून पिशवीत घातली. ऐन श्रावणात त्या मिठाला पाणी सुटलं आणि आठ कार्डांची एक वडी झाली!

"मिठागरवालीला एवढं कळू नये?" मी कडाडले.

"कळतंय की! पन आमी मीठ इकतो बाई, त्याच्यावर 'शुभेच्छा' लिवून कुनाला देत नाय!"

*

उन्हाळ्यात आम्ही कार्डं गच्चीवर सुकवतो. शेजारच्या काकूंचे पोह्याचे पापडही तिथेच. एकदा काकूंनी संध्याकाळी घाईघाईने सगळं गोळा केलं, डबा भरला आणि पुण्याला लेकीकडे धाडून दिला.

दोन दिवसांनी लेकीचा फोन. "आई, पापडांत वाढदिवसाचं कार्ड निघालं! मला वाटलं, या वर्षी तू विसरलीसच."

काकू खरंच विसरल्या होत्या. पण पटकन म्हणाल्या, "विसरेन कशी? म्हटलं, खाता खाता सापडू दे!"

*

रोह्याशेजारच्या अष्टमी गावात एका हॉलमध्ये आमचं पहिलं प्रदर्शन होतं. एक गृहस्थ हातात चहाचा कप घेऊन आले, कार्डं न्याहाळली आणि म्हणाले, "प्रिंटिंग चांगलंय. कुठल्या मशीनवर करता?"

कुंदाने कोरं कार्ड पुढे ओढलं, ब्रश सरळ त्यांच्या चहात बुडवला आणि दोन फटकाऱ्यांत खाडीकाठची वाळू काढली. वर होडी काढून कार्ड त्यांच्या हातात दिलं.

गृहस्थ कार्डाकडे बघतात, चहाकडे बघतात. शेवटी म्हणाले, "अजून एक कप मागवू का?"

*

मावशींचा हात मात्र थरथरायचाच. पाकळीची कड वाकडी गेली की त्या ब्रश आपटायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "बाई, ह्यो हात माजा नाय ऱ्हायला."

मला रडूच येत होतं, म्हणून मी खेकसले, "मग खाडी काढा! पाणी कुठे सरळ असतं?"

काढली. त्या थरथरीतून अशा लाटा उतरल्या की कुंदा कार्डावर वाकून म्हणाली, "भरती लागलीय गो!"

मग मावशींनी पाण्यात बगळा उभा केला. पण डोळा काढायची हिंमत होईना. तीन बुधवार बगळा आंधळाच! चौथ्या बुधवारी त्यांनी उजव्या मनगटाखाली डाव्या हाताची मूठ धरली आणि श्वास रोखला. आम्हीही रोखला. एक ठिपका, आणि बगळा बघायला लागला!

आम्ही एवढ्या ओरडलो की शेजारच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या. रुपालीने ते कार्ड नेलं आणि कारखान्यात रंगांच्या फळीवर, प्रकाशच्या नजरेसमोर उभं केलं.

*

गणपतीला पंधरा दिवस होते. बुधवार होता. प्रकाश, कपड्यांवर सगळीकडे रंग उडालेला, आमच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"आई, मोठ्या मूर्तीचे डोळे ऱ्हायलेत. मी हात नाय लावला. तू चल."

रुपालीने ओढणी डोळ्यांना लावली. मी चष्मा पुसायला घेतला. दोन वर्षांहून जास्त ज्या हाकेसाठी जीव टांगणीला लागला होता, ती हाक आली होती!

मावशींनी मानसुद्धा वर केली नाही. समोरच्या कार्डावर नुकतंच निळं आभाळ सोडलं होतं.

"वल्लं हाय. सुकल्याबिगर उठायची नाय."

प्रकाशने चपला काढल्या, वर आला, कोपऱ्यातला पुठ्ठा उचलला आणि आईच्या कार्डाला वारा घालायला बसला.

"हळू रं मेल्या!" मावशी ओरडल्या. "आभाळ पळतंय!"