कारवीच्या घराची भागीबाई

रोज सकाळी उद्यानाचं फाटक उघडायच्या आधी भागीबाई जुन्या घरांच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात शिरायची आणि चूल पेटवायची. चुलीवर काही शिजत नसायचं. ओलसर काटक्यांचा धूर आढ्याला लागला, कौलांच्या फटींतून बाहेर पडला, की ती विस्तव विझवायची. बांबू पोखरणारे भुंगे धुरात टिकत नाहीत.

"काय भागीबाई, आज काय बेत?" पहारेकरी धोंडीराम विचारायचा.

"भुंग्यांचं तेरावं हाय. ये जेवाया."

घर तिचंच. पेठकडच्या पाड्यावर नवऱ्यानं, हिरामणनं, बांधलेलं. पाडा धरणात गेला तेव्हा संग्रहालयवाल्यांनी खांबाखांबावर आकडे घालून ते नाशिकला या उद्यानात आणलं, इतर जुन्या घरांच्या रांगेत उभं केलं. सारवायला म्हणून भागीबाई मागोमाग आली. हिरामण आधीच गेला होता. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं.

मग एका तपासणीत चुलीवर आगीच्या धोक्याचा शेरा आला. देखरेखीच्या मंजुषा मॅडम म्हणाल्या, "मावशी, आजपासून जाळ नाही. घर जपायचंय ना आपल्याला?"

"धुरानंच जगलंय ते, बाई. चाळीस वरसं."

"औषध फवारू आपण."

फवारलं. आठवडाभर वास राहिला. पावसाळ्यात मात्र वाशांतून पिवळट भुकटी गळू लागली. भागीबाई झाडायची, दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच. एकदा तिनं मॅडमना हाताला धरून आत नेलं आणि एक वासा अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला.

मॅडमनी त्याच दिवशी वर पत्र लिहिलं, मग आणखी दोन. उत्तर दिवाळीनंतर आलं. घर धोकादायक, उतरवून त्याच आकाराचं सिमेंटचं करावं.

उतरवायला एक दिवस पुरला. कारवीच्या काड्यांचे कूड ट्रॉलीत भरताना हातातच मोडत होते. भागीबाई कुणाच्या आड आली नाही. मजुरांना तिनं पाणी दिलं, एकाच्या पायाशी पडलेला खिळा उचलून बाजूला टाकला.

आठवड्यानं ती इंदिरानगरला लेकीच्या घरी वारली. ताप साधाच होता, म्हणे. उद्यानातल्यांशी तिचं शेवटचं बोलणं झालं ते घर उतरवलं त्या संध्याकाळी. मंजुषा मॅडम रिकाम्या जोत्यापाशी उभ्या होत्या, मान खाली घालून. भागीबाईनं डब्याची पिशवी उचलली, चपला घातल्या आणि विचारलं,

"बाई, उद्या यायचं का नको?"