वशिल्याच्या पोरी

फळा ओल्या फडक्याने पुसताना खडूचा जो वास येतो, त्याने मी अजून अस्वस्थ होतो. घोडपदेवच्या आमच्या चाळीत मंडळाचा फळा मी लिहायचो. मोर्च्यांची पत्रकं वाचतच वाढल्याने मला पाणीकपातीची सूचनाही घोषणेसारखी सुचायची. माझी ताई तेव्हा रग्बीच्या राष्ट्रीय संघाची कप्तान होती. जुन्या खेळाडू निवृत्त झाल्या होत्या, नव्या मुलींना घेऊन संघ पुन्हा उभा राहत होता आणि परदेशात ओळीने सगळे सामने हरला होता. मी चिडून लाल खडूने लिहिलं, "वशिल्याच्या पोरी घ्याल तर हराल!" कुणाला विचारलं नव्हतं, मला तसं वाटलं होतं, एवढंच. फळ्याचा फोटो फिरत फिरत संघापर्यंत पोचला. "पोरी विचारतायत, 'ताई, तू घरी आमच्याबद्दल असं बोलतेस?' आता त्या माझ्यावर भरवसा कशा ठेवतील रे?" ताई म्हणाली आणि दुसऱ्या सकाळी मला परळच्या मैदानावर सरावाला घेऊन गेली. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग कोळीवाड्यातली एक सडपातळ मुलगी पुढे आली आणि धडक मारायची जाड गादी तिने माझ्या हातात दिली. "घट्ट धर हां, दादा." ती धावत आली, आणि मी गादीसकट चिखलात उताणा. "लागला काय वशिला?" तिने वाकून विचारलं. ताईसकट सगळ्या खो खो हसल्या. संघ आजही जिंकतो त्याहून जास्त हरतो. माझा राग तसाच आहे; तो नेमका कुणावर काढायचा, हे मात्र आता चटकन सांगता येत नाही.