दीड तासाची दुबई

संप दुसऱ्या वर्षात गेला, आणि लालबागच्या आमच्या चाळीतून पहिल्यांदाच कुणीतरी विमानात बसायचं ठरलं. तो माझा मोठा भाऊ. गिरणीत तो साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार होता. आता दुबईच्या एका कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करणार होता. सगळं अडलं होतं आईच्या होकारावर. "गावापेक्षा लांब असात तर मी धाडूचंय नाय," तिने सांगून टाकलं होतं. तिचं लांब-जवळ तासांत चाले. मालवणकडचं आमचं गाव एसटीने बारा तास. त्यापलीकडे मुलगा आपल्या हाताबाहेर गेला, असा तिचा हिशेब.

भाऊ तिकीट घेऊन नाचतच आला. सुटणार साडेनऊला, पोचणार अकराला. "आई, दीड तास फक्त!"

गॅलरीत गर्दी झाली. शेजारचे काका म्हणाले, "दीड तासात आपली एसटी पनवेलला खोकत उभी असते!" आईसुद्धा हसली.

मी भूगोलाचं पुस्तक काढलं. दुबई जवळजवळ दोन हजार किलोमीटर. दीड तासात कसं जमेल? मग उमगलं. तिकिटावरचे अकरा दुबईचे होते आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. विमान तीन तास उडणार होतं. भावाला ते ठाऊक होतं. पण आकडा एकदा वाढला की आई बिथरेल, ही त्याला भीती.

"गप गं," माझ्या हातातलं पुस्तक पाहून तो पुटपुटला. "आज पत्रक नको वाटूस."

वर्षभर मी गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटली होती. मालक कामगारांपासून खरं लपवतात, असं ओरडून घसा बसवला होता. मग घरात आईपासून लपवायचं? मी सांगून टाकलं.

आईने भावाकडे पाहिलं. "माका फसवून जातलंस? कान धर."

सव्वीस वर्षांच्या माणसाने सगळ्या मजल्यासमोर कान धरले. काकांनी उठाबशा मोजायला घेतल्या. पाचव्या बैठकीला आईला हसू आवरेना. "तीन तर तीन. गावाक बारा लागतत. जा."

मी त्या दिवशी इतकी खूश होते की संप जिंकल्यासारखी चाळभर फिरले.

तो गेला त्या सकाळी आई गॅलरीत घड्याळ मांडीवर घेऊन बसली. साडेनऊनंतर बरोब्बर तीन तासांनी उठून ओरडली, "उतारलो माझो झील!" टाळ्या पडल्या, मजलाभर शिरा वाटला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. विमान सव्वा तास उशिरा सुटलं होतं. आम्ही शिरा खात होतो तेव्हा तो अजून समुद्रावरच होता.

आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि अगदी निश्चिंत झाली. "म्हंजे विमान पण एसटीच," ती म्हणाली.